तीन बदल आणि एक नकार

वाचकाचे पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी मिहानमधील एका कंपनीत दोन वर्षांपासून काम करतो. आमच्या कंपनीचा स्वतःचा एक छोटा बोर्ड आहे. त्यावर लिनक्स चालते आणि त्यातील एक गिगाबिट इथरनेट ड्रायव्हरची, म्हणजे नेटवर्कचे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडची, देखभाल आमच्या टीमकडे आहे. गेल्या महिन्यात मी त्या ड्रायव्हरमध्ये तीन बदल केले. पॅकेट घेणारा लूप हाताने उलगडून लिहिला (फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून आतील ओळी पुन्हा पुन्हा लिहिल्या) आणि त्यात प्रीफेच (पुढे लागणारा डेटा आधीच मागवणे) व लाइकली-अनलाइकली (कोणती वाट बहुधा लागेल याची कंपायलरला खूण) पेरले. रिंगसाठी, म्हणजे पॅकेटांच्या रांगेसाठी, मेमरी मागताना आकार तपासून शून्ये भरणाऱ्या के-कॅलॉकऐवजी सरळ गुणाकार करून साधा के-मॅलॉक वापरला, म्हणजे तपासणी आणि शून्ये भरणे दोन्ही वाचते. शिवाय ड्रायव्हरची माहिती एकत्र ठेवणाऱ्या मुख्य स्ट्रक्चरमधील काही फील्डचा, म्हणजे कप्प्यांचा, क्रम बदलला. माझ्या चाचणीत एकूण दोन-तीन टक्के वेग वाढला. आमच्या टीम लीड मॅडमनी मात्र तिन्ही बदल एका वाक्यात परत केले : "बाकीचे ड्रायव्हर असे लिहिलेले नाहीत, एकसारखेपणा राहू द्या." कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एकेक नॅनोसेकंद मोलाचा असतो असे आम्ही शिकलो. मग केवळ इतरांची री ओढायची म्हणून मिळालेला वेग सोडून द्यायचा का?

— एक वाचक, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार. निकाल आधी सांगते आणि कारणांकडे नंतर वळते. तुमच्या मॅडमचा नकार तीनपैकी दोन बदलांबाबत मला योग्य वाटतो आणि एका बदलाबाबत चुकीचा वाटतो. परंतु त्यांनी दिलेले एका वाक्याचे कारण योग्य नकारालाही पुरेसे नव्हते, आणि तुम्ही स्वभावाने अगदी वेगळे असलेले तीन बदल एकाच गाठोड्यात बांधून त्यांच्यापुढे ठेवलेत, त्यामुळे चांगला बदलही वाईट बदलांच्या संगतीने परत आला.

नॅनोसेकंदाचा हिशेब तुम्ही काढला आहे, तर तो पुरता मांडू. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम 64 बाइटची असते. तिच्या आधीची खूण आणि नंतरची सक्तीची मोकळी जागा धरली, तर तारेवर ती 84 बाइट, म्हणजे 672 बिट जागा घेते. तुमच्या एक गिगाबिटच्या तारेवर अशी एक फ्रेम दर 672 नॅनोसेकंदांनी येऊ शकते, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार फ्रेम. दहा गिगाबिटच्या तारेवर हाच अवकाश 67 नॅनोसेकंदांवर येतो. आता एखादी गोष्ट कोणत्याच कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या लहान वेगवान मेमरीत, सापडली नाही आणि थेट मुख्य मेमरीतून आणावी लागली, तर तिला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. एखाद्या 'जर-तर'ची वाट कंपायलरला आधी सुचवून वाचतात ते प्रोसेसरचे एक-दोन ठोके, आणि तेही कधी कधी. म्हणजे नॅनोसेकंद मोलाचा असतो हे शिकवणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, पण तुमच्या तीन बदलांपैकी कोणता त्या मोलाच्या जागी हात घालतो, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही.

मेमरी मागण्याचा बदल लवकर निकालात काढता येतो. ती मागणी ड्रायव्हर सुरू होताना एकदा होते, फार तर कोणी रिंगचा आकार बदलला तर पुन्हा एकदा. बोर्ड वर्षभर चालला, तरी त्यातून वाचलेला वेळ एका डोळ्याच्या उघडझापीएवढाही भरणार नाही. उलट बाजूला काय आहे ते पाहा. रिंगचा आकार इथटूल या आज्ञेने बाहेरून बदलता येतो, म्हणजे तुमच्या गुणाकारातील एक संख्या कर्नलच्या बाहेरून येते. आज तिच्यावर कमाल मर्यादेची तपासणी असेल. उद्या कोणी ती मर्यादा वाढवताना तुमचा गुणाकार कुठे आहे हे पाहणार नाही, आणि गुणाकार ओसंडला की मेमरी थोडी मिळेल व लिहिले जाईल भरपूर. अशा चुकांतून कर्नलमध्ये खूप भोके पडली, म्हणून वाटप करताना उघडा गुणाकार करणे कर्नलच्या दस्तऐवजात आता टाळावयाच्या गोष्टींच्या यादीत आहे. शून्ये न भरण्याचा धोका वेगळाच : आधीच्या कोणाचा तरी मजकूर त्या मेमरीत शिल्लक राहतो आणि एखाद्या वाटेने बाहेर जातो.

या बदलाविषयी एवढ्यावर थांबले असते, परंतु एकसारखेपणा म्हणजे नेमके काय, हे दाखवणारी गोष्ट याच जागी घडलेली आहे. 2018 च्या जूनमध्ये लिनक्सच्या 4.18 आवृत्तीसाठी कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या कीस कुक यांनी संपूर्ण कर्नलमधील असे उघडे गुणाकार शोधून त्यांच्या जागी तपासणी करणारी फंक्शने बसवली. जागा इतक्या होत्या की त्या हाताने बदलणे शक्य नव्हते. ते काम कॉक्सिनेल नावाच्या साधनाने झाले. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ लेडीबर्ड, म्हणजे पिकावरील मावा खाणारा तो ठिपक्यांचा किडा. कॉक्सिनेलला 'असा कोड दिसला की त्याचे असे कर' एवढे सांगितले की ते कर्नलचा सगळा कोड पिंजून काढते. पण त्याला कोड ओळखता यावा यासाठी तो कोड ओळखीच्या रूपात लिहिलेला असावा लागतो. ज्याने तोच गुणाकार तीन ओळी आधी एका चलात करून ठेवला, किंवा स्वतःचे नवे वाटप-फंक्शन रचले, त्याच्यापर्यंत ती दुरुस्ती सहज पोहोचत नाही, आणि न पोहोचल्याचे त्याला कळतही नाही.

तुमच्या मॅडमच्या 'एकसारखेपणा राहू द्या' या वाक्यात हे सगळे दडलेले होते, आणि त्यांनी ते उलगडून सांगायला हवे होते. कर्नल आज तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या आहेत. त्यात बदल करणाऱ्या माणसाला तुमच्या बोर्डाचे नावही ठाऊक नसते. तो येतो, एक जुने फंक्शन हजारो ठिकाणी बदलून नवे बसवतो आणि पुढे जातो. त्याच्या दृष्टीने एकसारखा कोड हे सुंदर दिसण्याचे प्रकरण नव्हे. त्याच्या हातातील यंत्र त्यावरच चालते.

आता पहिला बदल, म्हणजे लूप आणि प्रीफेच. याविषयी तुम्ही 2011 मधील एक प्रकरण नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. कर्नलमधील याद्या ओलांडण्यासाठी जे ठरलेले मॅक्रो (एका नावामागे ठेवलेले कोडचे तुकडे) आहेत, त्यांत पूर्वी प्रीफेच घातलेले होते : यादीतील या नोडवर, म्हणजे घटकावर, काम चालू असताना पुढचा नोड कॅशमध्ये मागवून ठेवायचा. कल्पना वाचताना निर्दोष वाटते आणि अनेक वर्षे तिच्याविषयी कोणी शंका घेतली नाही. मग मोजमाप झाले आणि उलटेच दिसले. हॅशच्या (झटपट शोधासाठीच्या तक्त्याच्या) याद्या बहुधा एक-दोन नोडच्याच असतात आणि त्यांच्या शेवटी शून्य पत्ता असतो. प्रीफेच त्या शून्य पत्त्यासाठीही जात असे, आणि शून्य पत्त्याचे भाषांतर प्रोसेसरच्या तक्त्यात कधीच साठून राहत नसल्यामुळे प्रत्येक वेळी पेज-टेबलची, म्हणजे मेमरीतील पत्त्यांच्या मोठ्या तक्त्याची, फेरी व्हायची. लांब याद्यांतही नव्या प्रोसेसरची स्वतःची आधीच मागवून ठेवण्याची यंत्रणा हे काम अधिक चांगले करत होती. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी ते प्रीफेच काढून टाकले आणि 3.0 आवृत्ती त्याविना आली.

या प्रकरणाचा अर्थ 'प्रीफेच वाईट' असा घेऊ नका. मला त्यातील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ते प्रीफेच मोजक्या मॅक्रोंमध्ये होते, म्हणून ते चुकीचे ठरले तेव्हा थोड्या ओळी बदलून संपूर्ण कर्नल एका दिवसात सुधारला. तेच प्रीफेच प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपापल्या लूपमध्ये आपापल्या पद्धतीने पेरले असते, तर ते आजही तिथेच असते, कारण प्रत्येक ठिकाणी 'हे कोणी तरी मोजूनच घातले असेल' असे म्हणून पुढचा माणूस त्याला हात लावायला कचरला असता. तुमच्या लूपमध्ये पॅकेटच्या आरंभीचा भाग आधी मागवून खरोखर फायदा होत असेल, तर त्यासाठी नेटवर्किंगमध्ये नेट-प्रीफेच हे ठरलेले फंक्शन आहे. कॅश लाइन लहान असेल तेव्हा ते पुढची लाइनही मागवते. ते वापरले की तुमचा वेग आणि मॅडमची रीत यांच्यात भांडण उरत नाही.

लूप हाताने उलगडणे मात्र सोडून द्या. कंपायलरला ते येते, आणि जिथे तो करत नाही तिथे बहुधा त्याला कारण असते. सूचनांची पहिली कॅश पुष्कळ प्रोसेसरांवर 32 किलोबाइटच असते, आणि फुगलेला लूप त्यातून दुसऱ्या कोणाला तरी बाहेर ढकलतो. तो 'दुसरा कोणी' तुमच्या चाचणीत नव्हता, म्हणून तुम्हाला दिसला नाही. याच कारणासाठी कर्नलची लेखनपद्धती सांगते की तीन ओळींपेक्षा मोठे फंक्शन सहसा इनलाइन करू नये, म्हणजे वापराच्या प्रत्येक जागी त्याची प्रत चिकटवू नये. कोड फुगून मेमरी कमी पडली की डिस्कवर जावे लागते, म्हणून त्या दस्तऐवजात डिस्कच्या एका फेरीला लागणाऱ्या 5 मिलिसेकंदांचा दाखला दिलेला आहे. एसएसडीच्या काळात तो आकडा जुना झाला, तरी मुद्दा जुना झालेला नाही. लाइकली-अनलाइकलीविषयी एवढेच : तुमचा अंदाज किती वेळा खरा ठरला हे मोजण्याची सोय कर्नलमध्येच आहे, आणि तिने पूर्वी कित्येक खुणा शंभर टक्के उलट्या असल्याचे दाखवून दिले आहे. चुकीचे पॅकेट, संपलेली मेमरी अशा उघड अपवादांपुरती खूण ठेवा आणि बाकीच्या पुसून टाका.

आपल्याकडच्या वाचकाला एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. इतवारी ते नागभीड ही रेल्वे अडीच फुटी नॅरोगेज होती. बांधायला स्वस्त, वळणांना सोयीची, आणि स्वतःच्या टप्प्यापुरती अगदी शहाणपणाची. पण ब्रॉडगेजशी गाठ पडेल तिथे पोते न् पोते उतरवून पुन्हा चढवावे लागे. अखेर 2019 मध्ये ती बंद करून रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले. दाखला लंगडा आहे, कारण रूळ बदलायला वर्षे लागतात आणि फंक्शन बदलायला एक दुपार पुरते. तरी तुमची कंपनी दर एक-दोन वर्षांनी कर्नलच्या नव्या दीर्घकालीन आवृत्तीवर जाते तेव्हा हाताने लिहिलेला लूप प्रत्येक वेळी 'उतरवून चढवावा' लागणार, आणि ते काम तुम्ही नव्हे, तुमच्या खुर्चीत बसलेला दुसरा कोणी करणार.

तुमच्या दोन-तीन टक्क्यांविषयी मला थोडे कडक बोलावे लागेल. तुम्ही फंक्शन एकटे काढून, एकाच पॅकेटवर, लाखो वेळा फिरवले असावे असा माझा तर्क आहे, कारण नव्याने शिकलेले जवळपास सगळे असेच करतात. अशा चाचणीत सगळे काही कॅशमध्ये ऊबदार बसलेले असते आणि नेमका तोच खर्च गळून पडतो जो खऱ्या रहदारीत सर्वांत मोठा असतो. शिवाय कोडमध्ये एखादे असंबद्ध फंक्शन वाढले तरी पुढच्या सगळ्यांचे पत्ते सरकतात, आणि केवळ त्या सरकण्याने निकाल एक-दोन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. हा गोंधळ टाळता यावा म्हणून फंक्शने 64 बाइटच्या सीमेवर सक्तीने बसवण्याचा तपासणीचा पर्याय कर्नलमध्ये ठेवलेला आहे.

आणि नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. काही वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत होते तिथे आमची चाचणीची खोली पश्चिमेकडे होती. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, आणि खोलीत एकच कूलर. जुना कोड आम्ही दुपारी दोन ते चार मोजला. मग कोणी तरी कूलरची टाकी भरली, आणि नवा कोड संध्याकाळी सहानंतर मोजला. चार टक्क्यांची वाढ! मी सगळ्यांना ईमेल पाठवून मोकळी झाले. दुसऱ्या आठवड्यात एका सहकारी मुलीने क्रम उलटा करून मोजले, तर जुना कोड जिंकला. दुपारच्या उन्हात तापलेला प्रोसेसर स्वतःची गती कमी करत होता, आणि आम्ही मोजली होती ती खोलीची हवा. तेव्हापासून मी प्रोसेसरची गती एका ठिकाणी बांधून ठेवल्याशिवाय, तापमान नोंदवल्याशिवाय आणि जुना-नवा-जुना-नवा अशा आलटून पालटून फेऱ्या केल्याशिवाय कोणत्याही टक्क्यावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही तसेच करा. दुसऱ्या यंत्रावरून पॅकेटजेन या पॅकेट सोडणाऱ्या साधनाने खरी रहदारी सोडा. आणखी एक : एक गिगाबिटची तार भरली की दोन्ही कोडचा वेग सारखाच दिसेल, म्हणून सेकंदाला किती पॅकेट गेली एवढेच न पाहता, प्रत्येक पॅकेटमागे प्रोसेसरचे किती ठोके खर्च झाले ते पर्फ या मोजमापाच्या साधनाने मोजा.

आता तुमचा तिसरा बदल, ज्याच्याविषयी तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत आणि जो मला तिन्हींत खरा मोलाचा वाटतो. स्ट्रक्चरमधील फील्डचा क्रम बदलल्याने वाचणाऱ्याला कोड वेगळा दिसत नाही, कोणतीही रीत मोडत नाही आणि कॉक्सिनेललाही अडचण होत नाही, पण प्रोसेसरच्या दृष्टीने पुष्कळ काही बदलते. मेमरी बहुधा 64 बाइटच्या लाइनींनी ये-जा करते. प्रोसेसरचा पॅकेट पाठवणारा कोअर ज्या मोजणीत सतत लिहितो ती, आणि पॅकेट घेणारा कोअर जे फील्ड सतत वाचतो ते, एकाच लाइनीत शेजारी बसले, तर दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसूनही ती लाइन दोन कोअरमध्ये चेंडूसारखी फिरत राहते. 2024 च्या मार्चमध्ये आलेल्या 6.8 आवृत्तीत नेटवर्किंगच्या गाभ्यातील स्ट्रक्चरांची अशीच फेरमांडणी झाली, आणि एकाच वेळी पुष्कळ टीसीपी जोडण्या असताना 40 टक्क्यांपर्यंत सुधारणा नोंदवली गेली. तुमच्या बोर्डावर एवढे मिळेल असे समजू नका, ती मोठ्या सर्व्हरांची परिस्थिती होती.

परंतु त्यांनी ते कसे केले, ते उचलण्यासारखे आहे. कोणते फील्ड कोणत्या वाटेवर वाचले किंवा लिहिले जाते, याची नोंद दस्तऐवजात केली, फील्डचे गट पाडले, आणि कोणी उद्या चुकून मध्येच नवे फील्ड खुपसले तर बांधणीच्या वेळीच अडेल अशी तपासणी मॅक्रोने बसवली. तुम्ही नुसता क्रम बदलून थांबलात, तर सहा महिन्यांत कोणी तरी 'हे इथे का आहे?' म्हणत फील्ड वर्णानुक्रमे लावून टाकेल. आधी पाहोल या साधनाने स्ट्रक्चरची आजची मांडणी छापून घ्या, पर्फच्या सी-टू-सी उपसाधनाने लाइन खरोखर दोन कोअरमध्ये फिरते का हे सिद्ध करा, आणि मग फील्ड हलवा.

मॅडमच्या बाजूने इतके बोलल्यावर त्यांच्या वाक्यातील उणीवही सांगते. 'बाकीचे ड्रायव्हर' हे प्रमाण स्वतः पुरेसे नसते, कारण कर्नलमध्ये प्रत्येक मोहल्ल्याची रीत थोडी निराळी आहे. नेटवर्किंगवाले चलांच्या घोषणा लांब ओळीपासून आखूड ओळीकडे उतरत्या क्रमाने लावतात, इतरत्र तसा आग्रह नाही. आणि खरी गरज पडली तेव्हा कर्नलने रीत वाकवलेलीही आहे. 2018 मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधील सुरक्षादोष उघडकीला आल्यावर पॉइंटरमार्फत (साठवलेला पत्ता पाहून) केलेले फंक्शन-कॉल त्यावरच्या संरक्षणामुळे फार महाग झाले. तेव्हा नेटवर्किंगच्या वाटेवर 'हा पॉइंटर त्या ओळखीच्या फंक्शनचाच आहे का? मग थेट तिकडेच जा' असा दिसायला ओबडधोबड कोड स्वीकारला गेला. पण तो एका मॅक्रोच्या पोटात ठेवला, आणि संरक्षण बंद असलेल्या बांधणीत तो मॅक्रो साध्या कॉलमध्ये विरघळून जातो. म्हणजे कुरूपता घेतली, पण ती ज्या दिवशी नको होईल त्या दिवशी एकाच जागेवरून काढता येईल अशी घेतली.

मॅडमकडे परत जाताना वाद घालायला जाऊ नका, तीन वेगळे पॅच, म्हणजे बदलांचे स्वतंत्र तुकडे, घेऊन जा. खरे तर दोनच, कारण मेमरीचा बदल तुम्ही स्वतःहून मागे घ्यायचा आहे. पहिला पॅच स्ट्रक्चरचा. त्याच्या संदेशात बोर्ड कोणता, कोअर किती, गती कुठे बांधली, फेऱ्या किती, सरासरी किती आणि चढउतार किती हे लिहा, आणि त्याने स्ट्रक्चर किती बाइटनी वाढले तेही लपवू नका. पॅच कसे पाठवावेत याच्या कर्नलच्या नियमांतही हेच सांगितले आहे : वेग वाढल्याचा दावा असेल तर आकडे द्या आणि सहज न दिसणारा खर्चही सांगा. दुसरा पॅच हाताने उलगडलेला लूप टाकून, केवळ नेट-प्रीफेचचा. तोही आकडा निघाला तरच. चढउतारापेक्षा फायदा लहान निघाला, तर तो पॅच तुमच्या यंत्रावरच राहू द्या. एवढे करूनही मॅडमनी पहिला पॅच नाकारला, तर त्यांना शांतपणे एकच विचारा : "यामुळे कोणती रीत मोडते ते दाखवाल का?" माझ्या अंदाजाने त्यांना दाखवता येणार नाही. मुख्य कर्नलकडे थेट पाठवण्याचा विचार मनात असेल, तर ड्रायव्हर कंपनीचा आहे आणि पॅचवरील तुमची सही ही तो देण्याचा हक्क असल्याची ग्वाही असते, म्हणून आधी त्यांची लेखी परवानगी घ्या.

मोजमाप मात्र शक्यतो पहाटे करा, निदान पाऊस येईपर्यंत.